राबावरची दुसरी बाई

महाडच्या कॉलेजात शिकवताना मी राबावर चार वर्षं अभ्यास केला. भाताच्या पेरणीआधी रोपांच्या जागेवर शेण, फांद्या, पाला पसरून ती जागा भाजून काढतात, तो राब. माझा लेख छापून आला. तो शेवटपर्यंत वाचणारी बहुधा मी एकटीच. शेवटी एका सहकारी बाईंनी सुचवलं, "मॅडम, घरातली गोष्ट सांगा आणि ऑनलाइन टाका. तक्ते कोण वाचतं?"

मग मी कुडपणच्या आत्याबद्दल लिहिलं. नवरा मुंबईला आणि ही इकडे डोळ्यांत धूर घेऊन वर्षानुवर्षं एकटीने राब भाजते. मधेमधे माती, वारा, पाला यांवरचं संशोधन घातलं. पोस्ट भराभर फिरली, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या ग्रुपवरही पोचली. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. वर्गात शिकवतानासुद्धा मोबाईल उघडून बघत होते.

'एकटीने' हे मात्र माझ्या पदरचं. राब एकटीला भाजता येतच नाही. एक बाई वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावते, दुसरी ओला डहाळा घेऊन ती बांधाबाहेर जाऊ देत नाही. आत्याबरोबर कायम शेजारची काकी असायची. आज हिचा राब, उद्या तिचा. छापील लेखात यावर माझं अख्खं पान आहे. पण दोघी दाखवल्या की आत्या फार सोसते आहे असं वाटेना, म्हणून मी काकीला गाळलं.

चैत्रात कुडपणला गेले तर आत्याचा पाला वाळून तसाच पडलेला. काकीच्या मुलाने मुंबईहून फोनवर तिला माझी पोस्ट वाचून दाखवली होती. काकीने सुनेला घेऊन आपला राब उरकला आणि आत्याकडे फिरकली नाही. मी तिच्या अंगणात गेले. हातातलं सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "तिला मानूस लागत नाय ना? तूच लिवलंस. मंग इतकी वर्सं माजे हात भाजले, ते कोनासाठी गो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पठाराच्या कडेला इंटरनेटची रेंज मिळते, तिथे उभी राहून मी पोस्ट दुरुस्त केली. दुरुस्ती कोणी पुढे पाठवली नाही. काकीला वाचून दाखवली, तर "बरं" म्हणाली आणि पाखडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने डहाळा माझ्या हातात दिला. मला ते काही जमेना. आग दोनदा बांध ओलांडून गवतात गेली आणि दोन्ही वेळा विझवायला आत्याच धावली. काकी अंगणातून बघत होती, पण उठली नाही. आत्या माझ्यावर चिडलीही नाही. धुराने लाल झालेले डोळे पदराने पुसत म्हणाली, "तू लिवलंस तवा खोटं व्हतं. आता खरं हाय."