सदर बाजारातलं पेणकरांचं घर

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नंबर तपासून, फ्रेम निवडून निघून जातं, पण त्याच्या गप्पा काउंटरवरच राहतात. रायपूरच्या सदर बाजारात सॅम्युएल पेणकरांच्या दुकानात मी कामाला लागले, तेव्हा वाटलं होतं, थोडे दिवस काढू आणि दुसरं काही बघू. आता माझ्याच नाकावर चष्मा आलाय आणि मी अजून तिथेच आहे!

काका मूळचे कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. खाली दुकान, वर घर. आसपास दुसरं ज्यू घर नाही, सिनेगॉग तर लांबच. म्हणून त्यांचा मुलगा नाथन सारखं टुमणं लावायचा की दुकान विका, ठाण्याला चला, तिथे आपली माणसं आहेत. काका विषय बदलायचे. राहेलकाकूंच्या चहात त्या दिवशी हमखास साखर राहून जायची.

*

आम्ही वर्ध्याकडचे, राहायला चौबे कॉलनीत. एकदा काकांना आमच्या कॉलनीतल्या गणपतीला घेऊन गेले. मंडळाचे एक आजोबा नवीन मराठी माणूस दिसला की त्याची कुंडलीच मांडतात. आडनाव पेणकर, गाव पेणजवळचं, इथवर सगळं त्यांच्या मनासारखं चाललं. मग विचारलं, कुलदैवत कोणतं?

काका म्हणाले, "एकच आहे. आणि त्याचं नाव घ्यायचं नसतं."

आजोबांनी आधी हात जोडले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "लयच कडक दैवत दिसते बाप्पा! नवसाले पावते का, इचारून ठेव."

*

शनिवारी आमचं दुकान बंद. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस. काका त्या दिवशी पैशाला हात लावत नाहीत, काकू चूल पेटवत नाहीत. शेजारी नवीन सराफ आले, त्यांनी हे पाहिलं आणि आपल्या मनाने ठरवून टाकलं की सेठ शनिदेवाचे मोठे भक्त आहेत. पुढच्या शनिवारी वर घरी मोहरीच्या तेलाची बाटली आणि काळे तीळ हजर!

काकांनी ते प्रेमाने ठेवून घेतलं. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, म्हणाले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तेव्हा शनिवारी तेल घरी आलं तर बिघडलं काय? रविवारी काकूंनी त्याच तेलात रोहू तळला. शाकाहारी सराफांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

खरी गोष्ट नंतर त्यांना समजावून झाली. तरी शनिवारी कोणी आमच्या शटरपाशी घुटमळलं की सराफ आपल्या गादीवरून सांगतात, "आज सेठजी का व्रत है, कल आइए." इतकं सांभाळणारा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

*

ज्यू घरात खवले नसलेला मासा चालत नाही. झिंगे, मांगूर, सगळं वर्ज्य. एकदा मी काकूंबरोबर बाजारात गेले आणि माझ्या घरासाठी झिंगे घेतले. पिशवी आणली नव्हती, म्हणून काकूंच्याच पिशवीत टाकायला गेले. मासेवालीने माझा हात धरला. "दीदी के झोला म झन डार!" काकूंच्या पिशवीत टाकू नको म्हणे.

काकूंच्या आधी तीच रागावली. झिंगे मी पदराच्या टोकात बांधून घरी आणले, आणि साडीला दोन दिवस वास येत राहिला.

*

नाथनच्या बायकोला, साराला, दिवस गेले, तेव्हा घरात मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनावीच्या नावाने प्रार्थना. एलियाहू म्हणजे त्यांचा प्रेषित. प्रसादाला सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, लोटला. काकू ताटं पुरवता पुरवता दमल्या, पण चेहरा फुललेला.

नाथन तेवढ्यात म्हणाला, "पोहे वाटायला लोक आहेत बाबा. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता कोण करणार? ते इथे नाही झालं, तर मी बाळाला घेऊन ठाण्याला जातो आणि तिथेच राहतो."

यावेळी काकांनी विषय बदलला नाही. म्हणाले, "ठीक आहे."

*

आणि मुलगा झाला!

सुंता करणारे मोहेल मुंबईहून रेल्वेने निघाले. सुंता आठव्या दिवशीच आणि सूर्य मावळायच्या आत व्हायला हवी. गाडी राजनांदगावला अडकली ती हलेचना. सराफांनी भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला. त्याचा ड्रायव्हर गेंदलाल माल उतरवून तिकडून रिकामाच परतत होता. त्याने मोहेलना स्टेशनवरून उचलून आपल्या छोट्या ट्रकमध्ये बसवलं.

इकडे घरात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पलंगावर, खिडकीत, जिन्यावर. रिकामी होती ती एकच खुर्ची, पांढऱ्या चादरीची. ती एलियाहूची. सुंतेला तो येतो, अशी श्रद्धा, म्हणून तिच्यावर कोणी बसत नाही. बाळाला आधी तिथे ठेवतात, मग पुढचं सगळं. नाथन खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं ऊन बघत होता. ते वर वर सरकत चाललं होतं.

ट्रकचा हॉर्न वाजला. मोहेल धापा टाकत वर आले आणि हात धुवायला गेले. मागून त्यांची बॅग घेऊन गेंदलाल आला. पहाटेपासून गाडीवर होता, पोटात काही नव्हतं. त्याने बॅग ठेवली, रिकामी खुर्ची पाहिली, टेकला, आणि त्याचा डोळा लागला.

मोहेल बाळाला घेऊन आले आणि खुर्चीसमोर थबकले. काकूंनी तोंडावर हात ठेवला. मी गेंदलालला उठवायला पुढे झाले.

"उठवू नको त्याला," काका म्हणाले. "बाळ त्याच्याच मांडीवर ठेवा."

मोहेलनी काकांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि ठेवलं.

गेंदलाल दचकून जागा झाला. मांडीवर बाळ पाहून त्याने आधी दोन्ही हातांनी त्याला नीट धरलं. मग समोर नाथन उभा होता, त्यालाच विचारलं, "टाइम म पहुँच गेन न, भैया?"

नाथनचे डोळे भरून आले होते. त्याने मान डोलावली आणि गेंदलालच्याच बोलीत म्हटलं, "हव, भैया."