लाल टोपणाचं औषध

आमच्या घरात शेतीच्या औषधांना नावं नाहीत, रंग आहेत. लाल टोपणाचं, पिवळ्या टोपणाचं. दुकानदारही तसंच देतो. बाटलीवरचं मोठं नाव इंग्रजीत असतं. मराठीतला घडीचा कागद खोक्यात येतो, पण त्याचं अक्षर इतकं बारीक की खोक्याबरोबर तोही फेकला जातो. पंपाला किती टोपणं टाकायची तेवढं तोंडी विचारलं की आमचं भागतं. वावरात त्यावाचून कधी अडलं नव्हतं.

त्या दुपारी धाकटा भाऊ कपाशीवर फवारत होता. वारं उलटं होतं. तो बांधावर बसला तेव्हा अंगाला घाम सुटला होता आणि तोंडातून लाळ गळत होती. युसूफ वडगाव या आमच्या गावाहून जीप करून मी त्याला केजच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांचा पहिला प्रश्न, "पिलंय का?"

"न्हाई साहेब, फवारताना लागलंय."

"औषध कोणतं?"

"लाल टोपणाचं."

"अहो, नाव सांगा नाव."

मी बारावी शिकलेला, सोसायटीचा हिशेब बघणारा माणूस. पण नाव मला सांगता येईना. घरी भावजयीला फोन लावला.

"बाटलीचा फोटो टाक. लवकर."

"दादा, लाल टोपणाच्या दोन हायेत. कंपन्या येगयेगळ्या दिसत्यात."

"फोडलेली कोणती?"

"दोनी फोडल्यात. त्यांनी कोणती घेतलती मला न्हाई ठावं." तिला रडू फुटलं. "ते बरे हायेत ना?"

मी म्हणालो, "दोनीचे टाक."

फोटो आले. एकेक अक्षर लावून मी दोन्ही नावं वाचून दाखवली. एकावर उतारा चालतो, दुसऱ्यावर त्याचा उपयोग नाही आणि जास्त गेला तर त्याचाही त्रास होतो, असं डॉक्टर म्हणाले. मग ते शेजारच्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलू लागले. भाऊ मध्ये निपचित पडलेला, आणि त्याच्या जिवाचा विचार त्याच्या डोक्यावरून चाललेला. मला त्यातलं 'पेशंट' एवढंच कळत होतं.

"साहेब, काय ठरवताय ते मराठीत बोला. त्याचा भाऊ हाय मी."

ते माझ्याकडे वळले. मग भावाची पापणी उचलून त्यांनी बॅटरी मारली. "हे बघा, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. लाळ, घाम, सगळं पहिल्या बाटलीकडे बोट दाखवतंय. तिचाच उतारा सुरू करतो. थोडा थोडा देऊ, बघत राहू."

"आन् चुकलं तर?"

"तर लगेच थांबवू. पण वाट बघत बसणं त्याहून वाईट."

मी मान हलवली. इंजेक्शन गेलं. थोड्या वेळानं पुन्हा एक गेलं. लाळ पुसून पुसून माझा गमछा ओला झाला होता. मग पुसायला लाळच उरेना, आणि हे चांगलं की वाईट ते मला कळेना.

भावानं ओठ हलवले. "दादा, तोंड लई कोरडं पडलंय. पाणी दी की बे."

मोठ्या भावाला बे म्हणायची त्याची पहिलीच वेळ. मी घाबरून डॉक्टरांना हाक मारली. तोंड कोरडं पडलंय आणि मला बे म्हणतोय, हे ऐकून ते धावत आले आणि पहिल्यांदाच हसले.

"लाळ आटली, म्हणजे उतारा लागू पडला. पाणी मात्र इतक्यात देऊ नका, शिव्या देऊ द्या त्याला."