रफूवालीचा हात

लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून ती रफू करायची. कोट तिच्या हाताखालून गेला की भोक कुठे होतं हे कोटाच्या मालकालाही सापडायचं नाही. निसटलेला धागा तिची बोटं न बघता टिपायची. तीच बोटं अकराव्या वर्षापासून डोक्यावरही फिरत होती. जरा खरखरीत केस लागला की उपटायचा. क्षणभर बरं वाटायचं, की लगेच दुसरा. सदतिसाव्या वर्षी टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती, आणि रुमालाशिवाय तिला घराबाहेर कुणी पाहिलं नव्हतं.

लहानपणी आई हातावर चापट मारायची. नवरा बिचारा गरीब स्वभावाचा. रोज सकाळी तिच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून द्यायचा. पट्टी लावून सुई धरता येईना, म्हणून दुपारपर्यंत ती दातांनी सोडवायची. मनावर घे म्हणजे सुटेल, असं जो तो सांगे. मनावर तर ती रोजच घेत होती.

एकदा गिऱ्हाइकाने पांढरी शाल परत आणली. रफूत एक लांब काळा केस विणला गेला होता. लाँड्रीच्या मालकाने तो ओढून काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात थोरली बहीण तिला मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी आधी एक वही दिली. हात वर गेला की रेघ मारायची. पहिल्या दिवशी त्रेपन्न रेघा झाल्या. धाग्याचा रंग जुळेना की हात जायचा, बसची वाट बघताना जायचा, अगदी निवांत असतानाही. मग बाईंनी शिकवलं: हात उठला की मूठ आवळायची, कोपर अंगाशी धरायचं, ओढ ओसरेपर्यंत थांबायचं. ऐकायला सोपं. पण त्या एका मिनिटात अंगभर मुंग्या यायच्या, पाय हलत राहायचे, मूठ सोडून कुठेतरी पळून जावंसं वाटायचं.

दोन महिने जमलं. मग कसरीने चाळण केलेला एक लोकरी कोट आला, आणि एकाच दुपारी तिने नवे उगवलेले सगळे केस उपटून टाकले. वही फाडली. तीन आठवडे ती बाईंकडे फिरकली नाही. चौथ्या आठवड्यात स्वतःच गेली, पण खुर्चीवर धड टेकेना.

"आता पुन्हा पहिल्यापासून?" तिने विचारलं.

"पहिल्यांदा आलात तेव्हा हात वर गेलेला कळायचाही नाही. त्या दुपारी कळत होता?"

"कळत होता. तरी उपटले."

"मग आता त्या 'तरी'पाशी थांबू."

वर्ष झालं. हात अजून उठतो. कधी मूठ जिंकते, कधी केस जातो. पण टाळू झाकली गेली. परवा ती वीस वर्षांत पहिल्यांदा केस कापायला गेली. रुमाल सोडून मांडीवर ठेवला. कापणारीने वेडेवाकडे वाढलेले केस विंचरले आणि विचारलं, "किती कापू?"

"कडा सारख्या करा," ती म्हणाली, "बाकीचे राहू द्या."