चौकशीच्या दिवशीचे पोहे

घरी पाहुणा आला की त्याच्यापुढं बरं तेवढंच मांडायचं, ही रुख्मिणीची जन्माची सवय. त्यामुळे पोराच्या, सतीशच्या, चौकशीला बाल न्याय मंडळाच्या अधिकारी ज्योत्स्ना मॅडम कामरगावला घरी येणार, हे कळल्यावर तिनं सोयरीक पाहायला येणाऱ्यांसाठी करतात तीच सगळी तयारी केली. घर सारवलं, शेजारच्या हिरीबाईची नवी चादर मागून बाजेवर अंथरली, पोह्यांवर घालायला शेव आणली. आणि लेकीला, धम्मदीपाला, आदल्या दिवशीच जऊळक्याला मावशीकडं पाठवून दिलं, कारण तिच्या हाताला प्लास्टर होतं.

तो हात सतीशनं मोडला होता. धम्मदीपाचा धाकटा भाऊ, वय सतरा. बाप गेल्यापासून घरातला पुरुष आता आपणच, असं याच्या डोक्यात शिरलेलं. बहीण कारंज्याला कॉलेजात जाते तर कोणाशी बोलते, फोनवर कोण असतं, सगळा हिशेब यानं घ्यायचा. त्या दिवशी तिनं फोन दिला नाही, म्हणून यानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला. धम्मदीपानं दवाखान्यातूनच पोलिसांना जबाब दिला आणि सतीशची रवानगी निरीक्षणगृहात झाली. तेव्हापासून रुख्मिणी बधिर झाली होती. रडायचं ते पोरासाठी की पोरीसाठी, हेच ठरेना, त्यात रडणं राहूनच गेलं.

मॅडम आल्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडून बाजेवर बसल्या.

"आधी कधी हात उचलला होता का त्यानं? तुमची मुलगी म्हणते, तो तुम्हालाही मारायचा."

"रागात हाये जी ते, म्हनून बोलते. लय गरीब पोरगा हाये माहा."

त्यानं तिला दोनदा मारलं होतं. एकदा तर भाकरी करपली म्हणून. पण बाजेवर बसलेल्या पाहुणीला असं कोणी सांगतं का? हिरीबाईनंही दारातून री ओढली, "सोन्यासारखं पोरगं हाये, मॅडम." मॅडमनी मान हलवली. रुख्मिणीनं त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

पुढं वाशीमला बाल न्याय मंडळानं निकाल दिला. पहिलाच गुन्हा, वय कोवळं, मॅडमच्या अहवालाप्रमाणे घरचं वातावरण चांगलं. मुलाला सुधारगृहात न धाडता दोन वर्षं आईच्या देखरेखीखाली घरीच ठेवावं, दर महिन्याला समुपदेशनाला आणावं, पुन्हा मारहाण झाली तर आईनं लगेच कळवावं.

"ठेवाल ना नीट लक्ष?" मधल्या खुर्चीवरच्या न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"हो जी," रुख्मिणी म्हणाली आणि दाखवलं तिथं सही केली.

आता मंडळाला तरी काय नावं ठेवायची? पोर सुधारू शकतं असं धरून चालणारा तो कायदा, आणि मला विचाराल तर चांगलाच कायदा आहे. पण त्यांच्यापुढं पोह्यांची बशी आली होती. करपलेली भाकरी त्यांना कोणी दाखवलीच नव्हती.

संध्याकाळी धम्मदीपाचा फोन आला.

"माय, तो घरी आला?"

"आला."

"मंग मी कुठं येऊ?"

"इथंच ये ना वं. तुयंच घर हाये."

"त्यानं पुन्हा हात उचलला तं तू मॅडमले सांगशीन?"

रुख्मिणीनं बाजेकडं पाहिलं. सतीश हिरीबाईच्या चादरीवर आडवा पडून मोबाईल पाहत होता. मंडळापुढं एका दमात निघालेला 'हो' आता काही केल्या तोंडातून निघेना.

"माह्ये कपडे आन पुस्तकं धाडून दे," धम्मदीपा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर रुख्मिणीला बरं वाटलं असतं.

तिनं पिशवी काढली, पुस्तकं भरली, एकेक कपडा घडी घालून ठेवला. खाली एक कुर्ता निघाला. प्लास्टरवरून चढावा म्हणून त्याची डावी बाही तिनंच खांद्यापर्यंत उसवली होती. आता हात बरा होईल, लागेल तिला, म्हणून ती सुईदोरा घेऊन बाही शिवायला बसली. डोळे कोरडेच होते.

"माय, जेवाले वाढ," सतीशनं बाजेवरूनच हाक मारली.

सुई बाहीत तशीच टोचून ती उठली. तवा ठेवला, आणि भाकरी करपू नये म्हणून चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.