जिथं झिजतं, तिथं छापायचं

दुपारची जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी हात धूत होतो तेवढ्यात नंदाचा फोन आला. नंदा म्हणजे माझा मित्र दत्ता, त्याची बायको. एरवी ती फोनवर आधी "भावजी, जेवलात का?" विचारते. त्या दिवशी म्हणाली, "भावजी, यांना सरकारी दवाखान्यात आणलंय. तुम्ही या..." आणि जरा थांबून म्हणाली, "सावकाश या. घाई करू नका." त्या 'घाई करू नका'नं मला सगळं कळलं. जालना रोडवरच्या गर्दीतून गाडी काढताना मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

दत्ताची माझी ओळख तंत्रनिकेतनातली. माझे वडील कोर्टात कारकून, आम्ही शहरातच वाढलेलो. दत्ताचे वडील, किसनआबा, करमाडच्या पलीकडच्या माळावर मेंढरं राखायचे. दत्ता वर्गात आला की आधी लोकांच्या पायांकडं बघायचा, मग तोंडाकडं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "आमच्यात पाय गेला की माणूस घरी बसला. म्हणून सवय लागली." पुढं आम्ही दोघंही शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बुटांच्या कारखान्यात लागलो. मी तयार माल तपासायचो, तो छपाई विभागात होता आणि थोड्याच वर्षांत त्या विभागाचा प्रमुख झाला. ज्या माळावर त्याच्या आबांनी मेंढरं चारली होती, त्यातलाच एक तुकडा आमच्या कारखान्याखाली गेला होता. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. "मेंढरं नाय तर बूट, चालायची सोयच हाय ती," म्हणायचा.

बुटाचा वरचा, पाऊल झाकणारा भाग म्हणजे अपर. पूर्वी तो एखाद्या गोधडीसारखा असे. चवड्याला एक तुकडा, टाचेला एक, बाजूला पट्ट्या, सगळे एकावर एक शिवलेले. शिवण आतून टोचायची आणि भिजली की उसवायची. दत्तानं आमच्याकडं दुसरी रीत बसवली. विणलेलं एकसंध कापड टेबलावर ताणायचं, वर जाळीची चौकट ठेवायची आणि रबरासारखी दाट शाई पट्टीनं ओढून थेट कापडावर छापायची. एक थर वाळला की त्यावर दुसरा. चवड्यापाशी थर वाढवत न्यायचे, म्हणजे ठेच लागत नाही. टाचेभोवती कडक शाई, म्हणजे पाय मुरगळत नाही. आणि बोटं जिथं वाकतात तिथं कापड कोरंच सोडायचं. नव्या माणसांना तो सांगायचा, "सगळीकडं सारखा आधार दिला की पायाचा खुंटा होतो. जिथं झिजतं तिथं छापायचं. जिथं वाकतं तिथं हात लावायचा नाय."

पहिला नमुना जोड त्यानं आबांना दिला. आबांनी तो हातात घेऊन तोलला, वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये तर पायमोजं हायेत रं." पण घातले. त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. माळावर काडी उरली नव्हती, म्हणून आबा मेंढरं घेऊन गंगापूरकडं, नदीकाठच्या उसाच्या रानांत उतरले. काही महिन्यांनी परत आले ते मेंढरांशिवाय. निम्मी वाटेत मेली होती, उरलेली त्यांनी विकून टाकली होती. ओट्यावर दत्ताच्या आणि माझ्या शेजारी बसून त्यांनी बूट काढले. दत्तानं ते उचलले, उलटे केले, आत हात घातला. बाभळीच्या काट्यांनी बाहेरची कड चाळणीसारखी झाली होती. तिथं त्यानं थर दिलाच नव्हता. आबा मेंढरांचं सांगत होते आणि दत्ता बुटावर बोट फिरवत ऐकत होता. मग एकदम बूट खाली ठेवून त्यानं आबांचा पाय मांडीवर घेतला... मी उठून बाहेर गेलो. पुढच्या नमुन्यात ती बाहेरची कड जाड झाली आणि तोच नमुना पास झाला.

पण दुष्काळ कारखान्यातही आला. उघडी पडलेली रानं, नव्या प्लॉटांची खोदाई, शहराकडून वाढत येणारे रस्ते, या सगळ्याची धूळ आत यायची. ओल्या शाईवर एक कण बसला तरी तापवल्यावर त्याचा फोड होई आणि माल परत येई. मॅनेजरनं खिडक्या प्लास्टिकनं बंद करून घेतल्या. हवा बाहेर फेकणारे पंखे चालले की फटींतून धूळ ओढली जाते, म्हणून तेही बंद केले. शाई पक्की व्हावी म्हणून तिच्यात हार्डनर मिसळतात. त्याची वाफ फुप्फुसाला फार वाईट. ती आता आतच राहू लागली. मिसळायचं काम दत्ता स्वतः करायचा. आधी त्याला खोकला लागला, मग संध्याकाळी जिना चढताना तो मधेच थांबू लागला. गावाकडं गेला की बरा व्हायचा, सोमवारी कामावर आला की पुन्हा तेच. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हे काम सोडा. याला दुसरं औषध नाही."

तो सोडणार होताच. त्याच आठवड्यात छपाईच्या टेबलावरची शोभा नावाची बाई श्वास अडकून खाली बसली. दत्तानं तिला उचलून बाहेर मोकळ्या हवेत नेलं. मला म्हणाला, "शिऱ्या, मी गेलो की उद्या हार्डनरच्या डब्यापाशी हिलाच बसवतील." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तो डबा उघडलाच नाही. मॅनेजर आले. आम्ही सगळे उभे होतो.

"पंखे चालू करा साहेब, मग मिसळतो."

"धूळ येईल. माल परत आला तर जबाबदार कोण?"

"माल परत आला तर पुन्हा छापू. या शोभाची छाती गेली तर ती कशी छापायची?"

बायकांनी एकेक करून हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. दिवसभर लाइन बंद राहिली. उन्हं कलताना मालक स्वतः आले आणि त्यांच्यासमोर पंखे सुरू झाले. पुढं हवा गाळून आत घ्यायची यंत्रणाही बसली. शोभा आजही तिथं काम करते. दत्ताला मात्र आधी गोदामात टाकलं आणि मग येऊ नका म्हणून सांगितलं.

नंतर तो वेरूळच्या रस्त्यावर एका रोपवाटिकेत लागला. मोकळी हवा होती, टँकरचं पाणी झारीनं जपून घालायचं, तो म्हणायचा झकास चाललंय. पण छाती सुधारली नाही. एकदा शरीरानं त्या वाफेची धास्ती घेतली की पुढं जराशीही पुरते. चिकलठाण्यात त्याच्या दोन खोल्यांभोवती इमारती उठत होत्या. नंदाचा फोन आला त्या दिवशी त्याला सुट्टी होती. शेजारच्या नव्या घरात दारांना पॉलिश चालू होतं. दत्ता जेवायला बसला होता. घास हातात धरून तो थांबला. नंदाला म्हणाला, "हार्डनर हाय ह्या वासात." तिनं धावत खिडक्या लावल्या, दम्याचा फवारा तोंडात दिला, रिक्षा आणली. गल्लीच्या तोंडाशी रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवला होता. रिक्षा वळसा घालून निघाली. तो वाटेतच गेला, नंदाचा हात धरून.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. आबा भिंतीला टेकून बसले होते. फोटोला हार घातला गेला. कुणीतरी पाहुण्यानं समोर उदबत्त्यांचा जुडगा पेटवून लावला. धूर सरळ वर गेला आणि मग फोटोकडं वळला. आबा उठले. गर्दीतून वाट काढत पुढं गेले, खाली वाकले आणि पेटती टोकं चिमटीत धरून एकेक विझवू लागले. पाहुणा म्हणाला, "अहो आबा, हे काय करताय?"

"असू दे," आबा म्हणाले. "त्याला दम लागंल."

नंदानं सगळ्या खिडक्या उघडल्या. त्या घरात अजून सांजेला दिवा लागतो, उदबत्ती लागत नाही.