काचेखालचा अग्रलेख

प्रदर्शनात काचेखाली एक वर्तमानपत्र होतं. अमेरिकेतल्या एका काळ्या संपादकाने गुलामगिरीविरुद्ध चालवलेलं. घड्यांवर पार विरलेलं. ज्यांना अक्षर शिकवणंही गुन्हा होता, अशा पळून आलेल्या गुलामांना कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मग अंक पुढच्या घरी जायचा.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ अग्रलेखाचं भाषांतर वाचून बायकोला म्हणाले, "मुद्दा पटतो गं, पण भाषा जरा सौम्य हवी होती."

माझं डोकंच सणकलं. ज्याच्या आईला बाजारात उभं करून विकलं, त्याने काय विनंतीअर्ज लिहायचा? असा सभ्य माणूस प्रत्येक काळात भेटतो. त्याला जुलूम चालतो, आरडाओरडा चालत नाही.

मी तोंड उघडणार, तोच त्यांची बायको काचेवरची नजर न काढता म्हणाली, "सकाळी चहा गार होता, तर घर डोक्यावर घेतलंत तुम्ही."