टप्पा टाकायच्या आधी

परवा शाळेत माझ्या हातात काय होतं, हे आठवलं की अजून घाम फुटतो...

पारोळ्याजवळच्या एका गावात मी चौथीला शिकवते. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना घरून चेंडू आणायला सांगितले होते. चेंडूभोवती लोकर गुंडाळायची, तेवढी कापायची आणि कार्डशीटवर लहान-मोठ्या क्रमाने चिकटवायची. मग कुठल्या चेंडूचा टप्पा किती उंच जातो ते बघायचं.

फुटबॉल, टेनिस बॉल, लेदरचा बॉल... वर्ग नुसता गजबजला होता. रोहिणीने सुतळीने घट्ट गुंडाळलेला, लिंबाएवढा चेंडू आणला होता. मला वाटलं, पोरीने स्वतः बनवला. सगळ्यांना दाखवून मी तिचं कौतुकही केलं.

टप्प्यासाठी तो हातात घेतला आणि सहज विचारलं, "कोणी शिकवलं गं बनवायला?"

"मी नई बनाडा मॅडम. वावरना बांधवर सापडना."

मी जागीच थिजले. आमच्या भागात रानडुकरांसाठी काही जण शेताच्या बांधावर गावठी बॉम्ब ठेवतात. मागे असाच गोळा चावून गावातल्या एका गाईचा जबडा फाटला होता... आणि मी तो फरशीवर टाकणार होते. पोरं भोवती कोंडाळं करून बसलेली.

आवाज न चढवता सगळ्यांना मैदानाच्या पार टोकाला पाठवलं. गोळा लोकरीच्या ढिगात हळूच ठेवला आणि बाहेर आले. मुख्याध्यापकांनी पोलिसांना फोन केला.

बॉम्बशोधक पथक आलं. बॉम्ब जिवंत होता... बांधावर आणखीही सापडले. कोणी ठेवले, त्याचा शोध चालू आहे.

रोहिणीचे वडील शेतातून धावत आले. मला वाटलं, तिला रागावतील, मलाही बोलतील. पण ते तिच्यासमोर मातीतच बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक बोट उघडून बघत राहिले.

"आबा, मना चेंडू कव्हय देतीन?" चेंडू परत कधी मिळेल, एवढंच ती विचारत होती.

आज हजेरीला तिचं नाव घेतलं. "हजर मॅडम," म्हणत तिने हात वर केला... मी त्या हाताकडे बघतच राहिले.